घोळ आणि इतर बेवारस खाती

ज्या गोष्टीचं नाव माणसाला माहीत नसतं, तिला तो नालायक ठरवतो, असा माझा एक जुना सिद्धांत आहे. बँकेत एखादं व्हाउचर कुठल्या खात्याला टाकायचं हे कळलं नाही, की ते 'सस्पेन्स'मध्ये जातं. तिथे ते धूळ खात पडतं, आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळे जण त्या व्हाउचरला शिव्या देतात. ज्याला ते वाचता आलं नाही, त्याला मात्र कोणी काही म्हणत नाही. शहरातल्या सुशिक्षित मराठी माणसाने वनस्पतिसृष्टीचं नेमकं हेच करून ठेवलं आहे. त्याच्या लेखी या पृथ्वीतलावर झाडांच्या तीनच जाती आहेत. पहिली 'शो'ची झाडं. ही नर्सरीतून विकत आणायची. दुसरी देवाची झाडं, म्हणजे तुळस, जास्वंद, झालंच तर दूर्वा. ही शेजाऱ्याच्या अंगणातून, शेजारी उठायच्या आत आणायची. आणि तिसरी जात म्हणजे 'गवत'. पहिल्या दोन याद्यांत जे बसत नाही ते सगळं गवत. आणि गवत म्हटलं की उपटायचं, एवढं वनस्पतिशास्त्र त्याला पाठ असतं.

मी हा लेख त्या तिसऱ्या जातीचं वकीलपत्र घेऊन लिहितो आहे. फी मिळण्याची आशा नाही. माझे पक्षकार जून महिन्यात उगवतात आणि पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला आवार स्वच्छ दिसावं म्हणून चौदा तारखेला उपटले जातात. मुदत कमी आहे, तेव्हा थेट खटल्याकडे वळतो.

कुठल्याही सोसायटीच्या फंडात चार पैसे शिल्लक पडले, की कमिटीला सुशोभीकरणाचे डोहाळे लागतात. आमच्याकडेही लागले. मागच्या भिंतीपाशी एक शेवगा होता. शेंगा द्यायचा, फुलं द्यायचा, पाला द्यायचा, आणि मेंटेनन्समध्ये एका पैची वाढ मागत नव्हता. तो तोडला. कारण काय, तर त्याच्यावर सुरवंट येतात आणि त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. दोन्ही आरोप खरे आहेत. पण सुरवंट वर्षातले थोडे दिवस येतात, आणि ठिसूळ फांदी वेळेवर छाटता येते. एवढ्या गुन्ह्याला एकदम देहदंड? शेजारी टाकीच्या ओव्हरफ्लोवर पोसलेला अळूचा वाफा होता. तो खणून काढला, कारण अळू खाजतं. कढीपत्त्याची पिल्लं फरशीच्या कडेने वर येतात म्हणून कढीपत्ताही गेला. आणि मग नर्सरीचा टेम्पो आला.

टेम्पोतून उतरला डिफेनबेकिया. नाव ऐकून घाबरू नका. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये कोपऱ्यातल्या कुंडीत, हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे उडालेला जो उभा असतो, तोच हा. नात्याने हा अळूचा चुलतभाऊ, एकाच कुळातला. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. ते याच्याही अंगात असतात. फरक एवढाच, की अळूची आपल्या आज्या-पणज्यांनी चिंच घालून आणि भरपूर शिजवून समजूत काढली, आणि त्याला पंगतीत मानाने आणून बसवलं. या चुलतभावाची समजूत निघत नाही. याचं पान चावलं तर जीभ सुजते आणि वाचा बसते. टेम्पोतला दुसरा पाहुणा मनी प्लांट, तोही याच घराण्यातला आणि तोही खाण्याचा नाही. (काउंटरवर बसून माझी उमर गेली, मनी प्लांटचं उत्पन्न भरायला आलेला खातेदार मी अजून पाहिलेला नाही.) आणि कंपाउंडच्या कडेने लावली कण्हेर; जिचं मूळ, खोड, पान, फूल सगळंच विषारी, थेट हृदयावर जाणारं.

म्हणजे जमाखर्च असा झाला: खाजतं म्हणून अळू काढलं आणि कितीही शिजवलं तरी न शिजणारं अळू लावलं. मुलांच्या अंगावर सुरवंट पडेल म्हणून शेवगा तोडला आणि मुलांच्या हाताशी कण्हेर आणली. मी कण्हेरीच्या विरुद्ध नाही. रंग देखणा, पाणी कमी, हायवेच्या दुभाजकावर तर ती फारच शोभते; तिथे तिला चावायला कोणी थांबत नाही. पण जे खाता येतं ते ओंगळ आणि जे खाता येत नाही ते शोभिवंत, ही नोंद कुठल्या लेजरात बसते?

हा प्रश्न मी वार्षिक सभेत विचारला. सेक्रेटरी म्हणाले, "अहो साहेब, ही हाउसिंग सोसायटी आहे, भाजी मंडई नाही." चेअरमन म्हणाले, "झाडाचं राहू द्या हो, पार्किंगचं बोला." त्यानंतर सभा दोन तास पार्किंगचं बोलली.

आता पक्षकार क्रमांक एक. नाव, घोळ. नावातच घोळ असल्यामुळे बिचारीची केस सुरुवातीपासून कमजोर. ही पेव्हर ब्लॉकच्या फटीत, कुंडीच्या काठाला, जिन्याच्या पायथ्याशी जमिनीला चिकटून पसरते. खोड गुळगुळीत, तांबूस आणि रसदार. पानं जाडसर, लुसलुशीत. फूल पिवळं, चिमुकलं. सकाळच्या उन्हात उघडतं आणि थोड्या वेळाने शटर ओढून घेतं, पूर्वीच्या बँकेसारखं. चव आंबटसर. मुगाची डाळ घालून करा, बेसन लावून करा, लसणाची फोडणी दिलीत की भाकरीला दुसरं काही लागत नाही. जवसात जी ओमेगा-३ जातीची चरबी असते, ती पालेभाज्यांमध्ये घोळीत चांगल्यापैकी सापडते. आमच्या इमारतीत ओमेगाच्या कॅप्सूल खाणारी मंडळी आहेत. ती रोज सकाळी आरोग्यासाठी चालायला जातात, आणि जाताना घोळीवर पाय देऊन जातात. (ज्यांना मुतखड्याची तक्रार आहे त्यांनी मात्र हिच्या वाटेला बेताने जावं, ऑक्झलेट हिच्यातही असतं. वकिलाने पक्षकाराचे दोष लपवू नयेत.) हिची धाकटी बहीण चिवळ. पानं तिच्याहून बारीक. विदर्भात उन्हाळ्यात लोक ती हौसेने विकत आणून खातात. आपण तिला लॉनवरचा डाग समजतो.

पक्षकार क्रमांक दोन, टाकळा. पहिल्या पावसाबरोबर रस्त्याच्या कडेला हा रेशनच्या रांगेसारखा उभा राहतो. एकेका पानावर पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. आणि रात्री सगळी पानं मिटून हा झोपतो. कोवळा असेपर्यंत खायचा, कांदा आणि ओलं खोबरं घालून. तिसरा कुर्डू, चौथा तांदुळजा, पाचवा आघाडा. या सगळ्यांची नावं सातबारावर नाहीत, पण वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

टाकळ्यावरून मागच्या पावसाळ्यात आमच्या फाटकाशी एक छोटा तंटा झाला. जिना झाडायला येणाऱ्या मावशी काम संपवून जाताना मीटरच्या खोलीमागचा टाकळा खुडून पिशवीत भरत होत्या. वॉचमनने हटकलं, "मावशी, सोसायटीच्या आवारातलं काही बाहेर न्यायचं नाही. ऑर्डर आहे."

मावशी म्हणाल्या, "दादा, तुमी हे उद्या उपटून कचऱ्यातच टाकनार ना?"

"हो."

"मंग मी आज त्याची भाजी केली तर सोसायटीचं काय जातं?"

वॉचमनकडे याचं उत्तर नव्हतं, म्हणून त्याने नियम दाखवला. मावशींनी पिशवी तिथेच पालथी केली. दुसऱ्या दिवशी तो सगळा टाकळा घंटागाडीत गेला. आणि त्याच आठवड्यात आमच्याच इमारतीतल्या दोन घरांनी बाजारातून टाकळ्याच्या जुड्या विकत आणल्या. कारण तिथे तो 'रानभाजी' या नावाने, पाट्या-बिट्या लावून विकायला होता. ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात, ते चांगलंच आहे. कष्टाने डोंगरातून भाजी आणणाऱ्या बायाबापड्यांना चार पैसे मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पण महोत्सवात ज्याच्याबरोबर फोटो काढायचा, त्याला घरी आल्यावर गवत म्हणायचं, आणि जी बाई त्याला नावाने ओळखते तिला फाटकावर अडवायचं, याला काय म्हणावं? त्या दिवशी सोसायटीच्या आवारातून भाजी गेली, हे खरं तर काहीच नाही. त्या आवारात टाकळा ओळखणारी जी एकमेव व्यक्ती होती, तिला आपण सांगितलं की तुझं हे ज्ञान इथे बेकायदा आहे.

मंगळागौरीला आणि गणपतीला हा तमाशा आणखी रंगतो. गणपतीला एकवीस पत्री लागतात. त्यांत आघाडा असतो, माका असतो, हादगा असतो, बेल, शमी, डोरली असते. आणि लक्षात घ्या, त्याच यादीत धोतरा, रुई आणि कण्हेरही असते! म्हणजे ती खाण्याची यादी नव्हेच, ती ओळखीची यादी आहे. कुठलं जवळ करायचं आणि कुठल्यापासून हात राखून राहायचं, हे घरातल्या पोरांना वर्षातून एकदा हातात पानं देऊन शिकवण्याची ती तोंडी परीक्षा. आता काय होतं? बाजारात पानांचा एक गुंडाळा मिळतो. गुरुजी 'अपामार्ग' म्हणतात, आणि यजमान हाताला येईल ते पान वाहतात. अपामार्ग म्हणजेच आघाडा. तो आदल्याच दिवशी, गणपती येणार म्हणून, आवारातून उपटून फेकलेला असतो. आणि गुंडाळ्यात आहे की नाही, हे यजमानांना माहीत नसतं, गणपतीला माहीत असतं. तो बुद्धिदाता असल्यामुळे गप्प बसतो.

इथे तुम्ही मला अडवाल. "ते सगळं ठीक आहे हो. पण खाल्लं आणि काही झालं तर?" प्रश्न रास्त आहे. किंबहुना माझा सगळा खटला या एका प्रश्नावर उभा आहे. धोका आहे म्हणूनच ओळख पाहिजे. 'निसर्गातलं सगळं चांगलं' म्हणणारे आणि 'सगळं गवत' म्हणणारे, दोघेही एकाच वर्गात नापास झालेले विद्यार्थी आहेत.

चेकवरची सही तपासताना आम्ही नुसती वेलांटी बघून पैसे देत नाही. वळण बघतो, जोर बघतो, खालची रेघ बघतो आणि सगळं नमुन्याच्या सहीशी ताडून पाहतो; एक खूण चुकली की चेक परत. झाडाचंही तसंच. घोळीसारखीच जमिनीला चिकटून, त्याच फटीतून, कधी कधी घोळीच्या गळ्यात गळा घालून एक दुसरी वनस्पती वाढते. तिला दुधी म्हणतात, नायटी म्हणतात. देठ मोडून पाहा. पांढरा चीक आला, तर सही जुळत नाही, सोडून द्या. घोळीच्या देठात पाण्यासारखा रस असतो, दूध नसतं. टाकळ्याचा नातेवाईक कासविंदा. त्याला पर्णिकांच्या जोड्या तीनाहून जास्त, आणि टोकं निमुळती. कासविंद्याच्या बिया खाऊन लहान मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणं उत्तर भारतात नोंदलेली आहेत. एका जोडीचा फरक, पण आमच्याकडे एका शून्याच्या फरकाने माणसं सस्पेंड होतात.

ओळख न करता झाडाशी सोयरीक केली की काय होतं, ते आपण नुकतंच पाहिलं आहे. २०२० मध्ये करोना आला आणि ज्याने जन्मात वेल पाहिली नव्हती तो गुळवेलीचे काढे उकळू लागला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने गुळवेलीची बाजू घेतली, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात तिच्या नावाने घेतली जाऊ शकते, असा इशाराही दिला. तज्ज्ञांचा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. मला त्यातून एवढंच कळतं, की वेल ओळखणारा माणूस मधून निघून गेला आणि त्याच्या जागी फक्त बातमी राहिली.

"पण आता मोबाइलवर ॲप आहे ना!" आहे. फोटो दाखवला की ते नाव सांगतं, आणि तेही लॅटिनमध्ये. अनोळखी झाडाशी पहिला नमस्कार करायला ते चांगलं आहे. पण त्याला देठ मोडून पाहता येत नाही, पान चुरून वास घेता येत नाही, आणि 'हे गटाराच्या कडेचं आहे, इथे परवाच औषध फवारलंय, हे घेऊ नकोस' असं म्हणून ते हातावर चापट मारत नाही. हे काम मावशी करते, आजी करते, भाजीवाली करते. पूर्वी बँकेत खातं उघडायला ओळख देणारा लागायचा. जुन्या खातेदाराने सही करून म्हणायचं, 'मी यांना ओळखतो.' आता केवायसीची कागदपत्रं आली आणि ती सक्ती गेली. माणसांच्या बाबतीत गेली ती गेली, झाडांच्या बाबतीत ती कायम ठेवावी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

यात कमीपणा मानणाऱ्यांसाठी एक जुनं उदाहरण देतो. सतराव्या शतकात कोचीनला व्हान ऱ्हीड नावाचा डच गव्हर्नर होता. त्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. गव्हर्नरसाहेबांच्या हाताशी चित्रकार होते, पंडित होते, सत्ता होती. पण झाडाचं नाव आणि गुण विचारायला त्यांना जावं लागलं ते इट्टी अच्युदन नावाच्या मलयाळी वैद्याकडे आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांकडे. त्या तिघांचं १६७५ सालचं, कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. अटेस्टेड कॉपीचा यापेक्षा मोठा सन्मान माझ्या माहितीत नाही. आणि एवढं लांब कशाला? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावठी वाणांचं बियाणं घराघरांतून जमवलं, पेरलं, वाटलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमची शाळेतली पोरं जास्वंदीचा उभा छेद काढून, पाच भागांना नावं देऊन, पाचपैकी पाच मार्क मिळवतात, आणि समोर शेवग्याचा पाला धरला तर "चिंच?" म्हणतात.

तेव्हा, येत्या वार्षिक सभेसाठी माझा ठराव असा. एक: आवाराचा एक कोपरा, फार नको, दोन स्कूटर मावतील एवढा, सुशोभीकरणातून वगळावा. दोन: तिथे काहीही उपटण्याआधी उपटणाऱ्याने त्याचं मराठी नाव मोठ्याने सांगावं, सांगता आलं नाही तर उपटू नये, विचारून यावं. तीन: त्या कोपऱ्यात औषध फवारू नये. चार: दर पावसाळ्यात प्रत्येक घराने दोन झाडं ओळखायला शिकावीत, एक खाण्याचं आणि एक न खाण्याचं, आणि तीही ओळखणाऱ्या माणसाकडून. पाच: जिना झाडणाऱ्या मावशींना टाकळा खुडायची परवानगी द्यावी. बदल्यात त्यांनी शनिवारी अर्धा तास आम्हाला शिकवावं आणि सोसायटीने त्याचे त्यांना वेगळे पैसे द्यावेत. कण्हेरीच्या छाटणीला देतो, तेवढे तरी.

ठराव नामंजूर होईल, हे मला माहीत आहे. पार्किंगचा विषय अजून संपलेला नाही. पण सभासदांनी एक नियम ध्यानात घ्यावा. बँकेतल्या खात्याला दहा वर्षं कोणी हात लावला नाही, तर २०१४ पासून ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जाते. तरीसुद्धा वारस पुरावा घेऊन आला, तर त्याची रक्कम त्याला परत मिळते. आमच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत घोळीचं खातंही असंच पडून आहे. त्यात दर जूनला आपोआप भर पडते. ना फॉर्म, ना पासबुक. ठेव कुठेही गेलेली नाही. सही ओळखणारे तेवढे एकेक करून रिटायर होत चालले आहेत, आणि त्या जागा भरायची जाहिरात कोणी काढलेली नाही.